कन्सोलवर ८० जीबी, सर्व्हरवर ३९च: डिस्क वाढवली तरी जागा दिसेना

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. जिनिंगवाले आणि केळीचे व्यापारी यांच्यासाठी आमचं एक लहानसं सॉफ्टवेअर चालतं. काट्यावर गाडी आली की वजनाची पावती निघते, गाडीचा फोटो काढला जातो, शेतकऱ्याच्या खात्यावर नोंद पडते. सर्व्हर ॲमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रीजनमध्ये आहे. उबंटू, त्यावर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारं), त्यात मायएसक्यूएल डेटाबेस आणि ॲप. डिस्क एकच, ४० जीबीची, जीपी२ या जुन्या प्रकारची. दिवाळीनंतर कापूस जोरात यायला लागला तशी ती भरत गेली आणि आज सकाळी डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) मारलं तर ९६ टक्के.

कन्सोलमध्ये (ॲमेझॉनच्या वेबपानावर) व्हॉल्यूम, म्हणजे सर्व्हरला जोडलेली डिस्क, मॉडिफाय करून ८० टाकलं. कन्सोल ८० दाखवतंय, सर्व्हर मात्र ३९ वरच अडून बसलाय. रिबूट मारू का? चोपडा, धरणगावकडचे काटे रात्री उशिरापर्यंत चालू असतात. मधेच सर्व्हर गेला तर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर येते आणि सगळे फोन मला येतात. बंद न करता होईल का?

गोलाणीकर:
होईल. रिबूटची गरज नाही. उबंटूच्या क्लाउड इमेजवर बूट होताना क्लाउड-इनिट हा प्रोग्रॅम हे काम आपोआप करतो, म्हणून बरेच जण "रिबूट मार, होईल" असं सांगतात. चालू सर्व्हरवर हाताने केलं तरी मिनिटभराचं काम आहे.

तुम्ही केलं ते बरोबरच आहे, फक्त तीनपैकी एकच पायरी झाली आहे. सात-बाऱ्यावर क्षेत्र वाढलं, पण बांध जुन्याच जागी आहे आणि पेराही जुन्या बांधापर्यंतच आहे, असं समजा. क्लाउडचा व्हॉल्यूम म्हणजे सात-बारा, पार्टिशन म्हणजे बांध, फाइलसिस्टीम म्हणजे पेरा. ॲमेझॉन फक्त पहिलं करून देतं. उरलेलं दोन आपलं आपण करायचं.

आधी एलएसबीएलके मारा, म्हणजे डिस्का आणि पार्टिशनांची यादी दिसेल. त्यात डिस्क ८० जीबी आणि तिच्या खाली पार्टिशन ४० जीबी असं दिसलं पाहिजे. डिस्कच ४० दिसत असेल तर कन्सोलमधला बदल अजून पोचलेला नाही, थोडं थांबा. मॉडिफायची अवस्था "ऑप्टिमायझिंग" झाली की पुढे जायला हरकत नाही. "कम्प्लीटेड" होईपर्यंत वाट बघत बसू नका, त्याला मोठ्या डिस्कवर तास न् तास लागू शकतात.

मग ग्रोपार्ट, पार्टिशन वाढवणारी कमांड. इथे नवखा माणूस हमखास अडकतो: डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांच्या मध्ये मोकळी जागा सोडायची असते. नव्या पिढीच्या सर्व्हरांवर डिस्कचं नाव एनव्हीएमईने सुरू होतं आणि पार्टिशनच्या शेवटी पी१ लागतं, पण ग्रोपार्टला ते पी द्यायचं नाही. डिस्कचं पूर्ण नाव, जागा, नुसता १.

त्यानंतर डीएफला मोठा टी हा पर्याय देऊन फाइलसिस्टीम कोणती ते बघा. उबंटू म्हणजे बहुधा ईएक्सटी४, तिला वाढवायला रिसाइझ२एफएस आणि पार्टिशनचं पूर्ण नाव, इथे पी१ सकट. एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस, आणि त्याला डिस्कचं नाव न देता माउंटची जागा (ती जिथे जोडली आहे ते फोल्डर) द्यायची. दोन्ही चालू, माउंट असलेल्या अवस्थेतच वाढतात.

आणि या सगळ्याच्या आधी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत. तो घ्यायला काही खर्च-बिर्च मोठा येत नाही, दुसऱ्या स्नॅपशॉटपासून फक्त बदललेले ब्लॉकच साठतात.

तापीकाठ:
झालं! ७८ जीबी दिसतंय, ४८ टक्के वापर. एकाही काट्यावर कुणाला कळलं नाही. स्नॅपशॉट घेऊनच केलं. गोलाणीकर, जळगावात आलो की चहा माझ्याकडे.

शिरपूरची_सून:
याच निमित्ताने एक भर घालते, कारण हा धागा पुढे कुणीतरी डिस्क १०० टक्के भरल्यावरच शोधत येणार आहे. त्या वेळी ग्रोपार्ट चालतच नाही. त्याला टेम्प फोल्डरमध्ये स्वतःच्या दोन-चार लहान फाइली कराव्या लागतात आणि तिथे एक बाइटही शिल्लक नसते, म्हणून "जागा नाही" असं म्हणून तो बाहेर पडतो. जागा वाढवायलाच जागा नाही! अशा वेळी टेम्पवर टीएमपीएफएस माउंट करायचं, म्हणजे १० एमबीचा तुकडा थेट रॅममधून मिळतो. मग ग्रोपार्ट, मग रिसाइझ, मग ते माउंट काढून टाकायचं. चालू डेटाबेसचं सॉकेट (ॲप ज्यातून त्याच्याशी बोलतं ती फाइल) टेम्पमध्ये असेल तर मात्र जपून, वरून माउंट केलं की ते झाकलं जातं. त्यापेक्षा जर्नलचे, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींचे, जुने लॉग जर्नलसीटीएलच्या व्हॅक्यूमने उडवून थोडी जागा करणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

पांझराकाठ:
भाऊ, डिस्क वाढाई लिधी ते बरं कयं. पन ती भरनी काबर, हाई कोन देखी? आज ८० कयी, ती बी भरी जाई. मंग १६० करशी का? पयले डीयू मारीसन देख, कथा काय शे ते.

तापीकाठ:
पांझराकाठ, मारलं. डीयूला (फोल्डरनिहाय जागा सांगणारी कमांड) एक्सचा पर्याय दिला, म्हणजे दुसऱ्या माउंटमध्ये घुसत नाही. मोठे तीन निघाले:
डॉकरच्या कंटेनरांचे लॉग ११ जीबी,
मायएसक्यूएलचे बिनलॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) ९ जीबी,
गाड्यांचे फोटो १० जीबी.
प्रत्यक्ष डेटाबेस दोन जीबीसुद्धा नाही. मला वाटत होतं फोटोंनीच खाल्लं असणार.

पांझराकाठ:
देखा! अर्धी डिस्क ते नुसता बडबडनी खाई टाकी.

गोलाणीकर:
बडबड हा शब्द लागू आहे. डॉकरचा नेहमीचा लॉग-ड्रायव्हर जेसन-फाइल हा आहे आणि त्याला मुळात कसलीच मर्यादा लावलेली नसते. ॲप दर सेकंदाला "काटा जोडला आहे" असं छापत असेल तर ते वर्षभर छापत राहणार. डॉकरच्या सेटिंगच्या, म्हणजे डेमनच्या जेसन फाइलमध्ये मॅक्स-साइझ आणि मॅक्स-फाइल टाका, समजा ५० एमबीच्या तीन फाइली. पण ती मर्यादा नव्याने तयार झालेल्या कंटेनरांनाच लागते. जुना कंटेनर नुसता रीस्टार्ट करून चालत नाही, काढून परत तयार करावा लागतो. ते रात्री काटे बंद झाल्यावर करा.

तोवर जुना लॉग रिकामा करायचा असेल तर फाइल आरएम करू नका, ट्रंकेटने शून्य करा. चालू प्रोसेसने उघडून ठेवलेली फाइल आरएम केली की तिचं नाव जातं, जागा अडकलेलीच राहते. मग डीयू एक सांगतं, डीएफ भलतंच सांगतं आणि माणूस वेडा होतो. असं झालेलं असेल तर एलएसओएफला अधिक एल१ देऊन पुसलेल्या पण उघड्या फाइली सापडतात.

बिनलॉगचं वेगळं. मायएसक्यूएल ८ मध्ये बिनलॉग आपोआप चालू असतो आणि ३० दिवस ठेवला जातो. हंगामात लिहिणं जास्त म्हणून तो फुगतो. त्या फाइली फोल्डरमध्ये जाऊन हाताने कधीही पुसू नका, मायएसक्यूएलच्या आतूनच पर्ज करा आणि मुदत कमी करा. रेप्लिका (डेटाबेसची दुसरी चालू प्रत) नसेल आणि रोज डंप (पूर्ण डेटाची फाइल) घेत असाल, तर पाच-सात दिवस पुरे. शून्यावर आणू नका. दुपारी कुणी चुकून एखाद्या टेबलवर डिलीट मारलं, तर रात्रीचा डंप आणि त्यापुढचे बिनलॉग मिळूनच दुपारपर्यंतचा हिशेब परत उभा राहतो.

रात्रपाळी:
पोस्टग्रेसवाल्यांनीही हेच लक्षात ठेवा. पीजी-वॉल (तिथल्या बदलांच्या नोंदींचं) फोल्डर मोठं दिसलं म्हणून त्यातल्या फाइली पुसणारे मी बघितलेत, त्यानंतर डेटाबेस उठत नाही. तिथे वॉल साठत असेल तर बहुधा एखादा बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या प्रतीसाठी नोंदी राखून ठेवणारी सोय) तो धरून बसलेला असतो. स्लॉट शोधा, काढा, बाकीचं पोस्टग्रेस स्वतः करतं.

सावदेकर:
मला या साफसफाईच्या उपदेशाचा थोडा कंटाळा येतो. ४० जीबी जास्तीचे घेतले तर महिन्याला किती पडतात? काट्यावर एका दिवसात जेवढा चहा होतो त्याहून कमी. माणसाचा वेळ महाग आहे. केळीची कापणी चालू असताना, रात्री ट्रक भरत असताना मी लॉग तपासत बसू? वाढवा आणि पुढे चला.

शिरपूरची_सून:
पैशांबद्दल बरोबर बोललात, पण पुढे चला म्हणताना एक बघा. वाढवता येतं, कमी करता येत नाही. ॲमेझॉन, गुगल, अझूर, तिन्हीकडे तेच. वाढवलेला आकडा मग कायमचा बिलात, आणि स्नॅपशॉटमध्येही जेवढा कचरा लिहिला जातो तेवढा साठतो. एका सर्व्हरचं ठीक आहे. माझ्याकडे अशा कितीतरी गिऱ्हाइकांचे सर्व्हर आहेत, तिथे हा हिशेब जाणवतो.

सावदेकर:
मान्य. पण हंगाम चालू असताना आधी वाढवणं आणि उन्हाळ्यात साफ करणं, हा क्रम तरी बरोबर ना?

शिरपूरची_सून:
तो अगदी बरोबर. ९६ टक्क्यांवर असताना वाढवणंच शहाणपणाचं.

तापीकाठ:
मग हंगाम संपला की परत ४० करायची काहीच सोय नाही? एप्रिलनंतर आमच्याकडे शुकशुकाट असतो, कापूस संपतो, केळीचेच तेवढे काटे चालतात.

गोलाणीकर:
थेट नाही. एक्सएफएस तर लहान करता येतच नाही असं धरून चाला. ईएक्सटी४ लहान होते पण अनमाउंट करून, आणि तरीही ॲमेझॉनचा व्हॉल्यूम मोठाच राहतो. मार्ग एकच: नवा लहान व्हॉल्यूम जोडायचा, आरसिंकने (फाइली कॉपी करणारी कमांड) सगळं न्यायचं, शेवटच्या आरसिंकपुरतं ॲप थांबवायचं आणि माउंट बदलायचं. डेटाच्या व्हॉल्यूमसाठी हे सोपं आहे. बूट होणाऱ्या मूळ डिस्कसाठी बूटलोडरची भानगड येते, एवढ्यासाठी मी ती करणार नाही.

म्हणून मी नेहमी सांगतो की मूळ डिस्क लहान ठेवा आणि डेटा वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवा. डेटाच्या व्हॉल्यूमवर पार्टिशन न करता थेट पूर्ण डिस्कवर फाइलसिस्टीम टाकली तरी चालते. मग वाढवताना ग्रोपार्टची पायरीच उरत नाही, कन्सोल आणि रिसाइझ, संपलं. फक्त एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे तिचा न बदलणारा ओळखक्रमांक, लिहा, कारण एनव्हीएमईची नावं रिबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात. आणि नोफेल हा पर्याय टाका, नाहीतर व्हॉल्यूम जोडलेला नसताना सर्व्हर बूट होताना अडकतो आणि एसएसएचही मिळत नाही.

रात्रपाळी:
तापीकाठ, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये जीपी२ दिसलं म्हणून विचारतो. संध्याकाळी गर्दीच्या वेळी पावती निघायला वेळ लागतो का?

तापीकाठ:
लागतो! सकाळी झटकन, सहा-सातनंतर रडत-रखडत. मी नेटवर्कवर ढकलत होतो.

रात्रपाळी:
नेटवर्क असेलही, पण हे आधी बघा. जीपी२ मध्ये वेग आकारावर ठरतो, जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनं), किमान १००. ४० जीबीला १२०. बाकी वेळ साठलेल्या क्रेडिटवर ३००० पर्यंत उडी मारता येते, पण ते क्रेडिट संपलं की परत १२० वर. सकाळी क्रेडिट भरलेलं, संध्याकाळी संपलेलं, हे तुमच्या वर्णनाशी जुळतंय. क्लाउडवॉचमध्ये (ॲमेझॉनची देखरेखीची सेवा) त्या व्हॉल्यूमचा "बर्स्ट बॅलन्स" उघडा, संध्याकाळी शून्याला टेकत असेल तर चोर सापडला.

आता ८० केल्यामुळे २४० झाले, म्हणजे थोडा फरक पडेलच. पण खरा उपाय जीपी३. २०२० च्या डिसेंबरमध्ये आला. आकार कितीही असो, ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी मूळ भावातच, आणि जीबीचा दर जीपी२ पेक्षा २० टक्के कमी. तोही चालू सर्व्हरवर बदलता येतो. इतकी वर्षं होऊन लोक अजून जीपी२ वर का आहेत हे मला कळत नाही. जुनी इमेज, जुना टेम्प्लेट, कुणी हात लावत नाही, एवढंच.

फक्त आत्ता लगेच जमणार नाही. एक बदल पूर्ण व्हायच्या आत दुसरा घेत नाही. आकार आणि प्रकार एकाच वेळी बदलता आले असते.

तापीकाठ:
बर्स्ट बॅलन्स बघितला. रोज संध्याकाळी शून्य. रोज. नेटवर्कवाल्याला उगाच शिव्या खाव्या लागल्या.

दोंडाईचा_तिखट:
आमच्याकडे मिरचीच्या व्यापाऱ्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हरवर आहे, तेही क्लाउडवरच. मी कन्सोलमध्ये वाढवलं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलो, तर सी ड्राइव्हवर "एक्स्टेंड" फिकट दिसतंय, दाबताच येत नाही. नवी जागा उजवीकडे काळी पट्टी म्हणून दिसतेय.

शिरपूरची_सून:
सी आणि काळ्या पट्टीच्या मध्ये एक लहानसं रिकव्हरी पार्टिशन आहे का? असणारच. विंडोजला सी फक्त लगेच उजवीकडच्या मोकळ्या जागेत वाढवता येतो, मध्ये काही असलं की नाही. आधी स्नॅपशॉट, मग डिस्कपार्टने ते रिकव्हरी पार्टिशन काढायचं, मग सी वाढवायचा. क्लाउडवर रिकव्हरी पार्टिशनचा तसाही उपयोग नगण्य, काही झालं तर आपण स्नॅपशॉटवरूनच उठवणार. नवी जागा अजिबातच दिसत नसेल तर वरच्या मेनूतून "रीस्कॅन डिस्क्स".

दोंडाईचा_तिखट:
होतं मध्ये. काढलं, वाढलं. धन्यवाद ताई.

पद्मालय:
आमचा सर्व्हर दुसऱ्या एका स्वस्त क्लाउडवर आहे. ग्रोपार्टही झालं, पण रिसाइझ२एफएस म्हणतंय "काही करायचं नाही". एलएसबीएलकेमध्ये पार्टिशनच्या खाली आणखी एक ओळ आहे, "एलव्हीएम" असं लिहिलेली.

गोलाणीकर:
तुमच्याकडे मध्ये आणखी एक थर आहे, पार्टिशनची जागा वाटून देणारा एलव्हीएम. पीव्हीरिसाइझ आधी, म्हणजे एलव्हीएमला पार्टिशन वाढल्याचं कळतं. मग एलव्हीएक्स्टेंड, त्याला लहान आर आणि उरलेली १०० टक्के जागा असं सांगा. लहान आर दिला की फाइलसिस्टीमही तोच वाढवतो, रिसाइझ वेगळं मारायला नको. उबंटू आयएसओवरून बसवलेला असेल तर आधीपासूनच अर्धी जागा एलव्हीएममध्ये मोकळी पडलेली असण्याची शक्यता आहे. व्हीजीएस मारून बघा, कदाचित विकत घेतलेली वाढ लागलीच नसती.

पद्मालय:
मोकळी होती. आता काय बोलू.

भुसावळ_जंक्शन:
एक वेगळीच केस. डीएफमध्ये ३८ टक्के मोकळं, तरी ॲप "डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही" म्हणतंय. डिस्क वाढवून काही होईल का?

रात्रपाळी:
डीएफला लहान आय देऊन बघा. आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी एक नोंद) संपले असणार. लाखो बारीक फाइली, बहुतेक पीएचपीच्या सेशन फाइली नाहीतर कॅश. ईएक्सटी४ मध्ये किती जागेमागे एक आयनोड, हे प्रमाण फाइलसिस्टीम बनवतानाच ठरतं. डिस्क वाढवली तर नव्या भागाबरोबर नवे आयनोड येतात, त्यामुळे वाढवून तात्पुरतं सुटेल. पण त्या फाइली कोण करतंय आणि पुसत का नाही, ते शोधलं नाही तर परत इथेच याल.

शिरपूरची_सून:
तापीकाठ, फोटोंचं काय ठरवलं? तो ढीग तर दरवर्षी वाढणारच.

तापीकाठ:
तेच विचारणार होतो. वजनावरून वाद झाला तर शेतकरी आणि जिनिंगवाला दोघंही फोटो मागतात. बहुतेक वाद पंधरवड्यात मिटतात, क्वचित एखादा वर्षाने निघतो. पुसता येत नाहीत.

शिरपूरची_सून:
मग एस३, ॲमेझॉनचं फाइलींचं वेगळं गोदाम. सर्व्हरच्या डिस्कवर फोटो ठेवायचेच कशाला? नवीन फोटो थेट तिकडे जाऊ द्या, ॲपमध्ये फक्त त्याचा पत्ता ठेवा. लाइफसायकलचा नियम लावा की ३० दिवसांनी स्टँडर्ड-आयए वर्गात जावा. तिथे ठेवणं स्वस्त, काढणं थोडं महाग, तुमच्या वापराला जुळतं. मात्र लहान थंबनेल त्यात ढकलू नका. १२८ केबीपेक्षा लहान फाइलीचंही त्या वर्गात १२८ केबीचंच बिल लागतं. थंबनेल गरज लागेल तेव्हा नवं करता येतं, साठवूच नका.

आणि बकेट (एस३ मधला तुमचा कप्पा) सार्वजनिक करू नका. गाडीचा नंबर आणि शेतकऱ्याचं नाव फोटोत असतं. थोड्या वेळापुरती चालणारी लिंक ॲपने करून द्यायची.

सावदेकर:
हे मला पटलं. लॉग पुसण्यापेक्षा हे खरं काम आहे.

पांझराकाठ:
आनि अलार्म लाव भाऊ. ९६ टक्का व्हई जास तवलोंग कोनलेच दखायनं नही, हाई बरं नही.

गोलाणीकर:
अलार्मबद्दल एक सांगतो. क्लाउडवॉच आपोआप सीपीयू, नेटवर्क देतं, डिस्क किती भरली ते देत नाही. ते आतलं असल्यामुळे क्लाउडवॉच एजंट सर्व्हरवर बसवावा लागतो. कित्येक जण डॅशबोर्ड हिरवा बघून निश्चिंत असतात, त्यात डिस्क असतेच कुठे! ७५ आणि ९० अशा दोन पातळ्या लावा, आयनोडवरही एक. आणि टक्केवारीपेक्षा चढ बघा. जुलैत महिन्याला एक टक्का चढणारी डिस्क नोव्हेंबरमध्ये आठवड्याला दहा चढते. आपल्या भागातल्या धंद्यांचे सर्व्हर असेच असतात. कापसाचा दिवाळीनंतर, मिरचीचा हिवाळ्यात. दसऱ्याच्या आसपास एकदा बसून सगळे व्हॉल्यूम बघून घ्या, गरज असेल तर तेव्हाच वाढवा. ऐन हंगामात नको.

तापीकाठ:
आपोआप वाढेल अशी स्क्रिप्ट लावली तर? ८५ झालं की २० जीबी जास्त.

रात्रपाळी:
मी लावणार नाही. तुमचे ११ जीबी लॉग आठवा. त्या स्क्रिप्टने ते गुपचूप पोसले असते आणि तुम्हाला बिलातून कळलं असतं. लावायचीच असेल तर वरची मर्यादा घाला आणि प्रत्येक वाढीला मेसेज येऊ द्या. आरडीएसमध्ये (ॲमेझॉनची डेटाबेस सेवा) ही सोय आयती आहे, तिथेही कमाल आकडा आपणच ठरवायचा असतो.

तापीकाठ:
ठीक. आजचा हिशेब: बिनलॉग सात दिवसांवर आणले, लॉगची मर्यादा आज रात्री लावतो, मॉडिफाय पूर्ण झालं की जीपी३. फोटोंचं एस३ काम होळीनंतर, तोवर कोडला हात लावायची हिंमत नाही.

भुसावळ_जंक्शन:
सेशन फाइलीच होत्या. त्या पुसणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बंद पडला होता. डिस्क नाही वाढवली.

पद्मालय:
शेवटचा प्रश्न. सीसीटीव्हीचा डेटा ठेवणाऱ्या एका सर्व्हरची डिस्क ३ टीबी केली, ग्रोपार्ट २ टीबीच्या पुढे जातच नाही.

गोलाणीकर:
पार्टिशन टेबल एमबीआर या जुन्या पद्धतीचं असणार, त्याची हद्द २ टीबी. जीपीटी ही नवी पद्धत लागेल. डेटाची डिस्क असेल तर नवा व्हॉल्यूम जीपीटी करून त्यावर कॉपी करा, आहे त्याचंच रूपांतर करायच्या फंदात पडू नका. आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ३ टीबीपर्यंत का साठू देताय, त्यावर वेगळा धागा काढा, तिथे बोलू.